कुत्र्याला गडावर नेताना

फाल्गुन लागला की आमच्या महाडात सकाळचा गारवा आठच्या पुढे टिकत नाही. म्हणून मी पहाटेच बाहेर पडतो आणि चवदार तळ्याच्या काठाने चार फेऱ्या मारून ऊन वर यायच्या आत घरी परततो. मागच्या पंधरवड्यात अशाच एका सकाळी तळ्याजवळ एक मोटार उभी दिसली. आत तीन तरुण, पाठीवर घ्यायच्या पिशव्या आणि मागच्या खिडकीतून तोंड बाहेर काढून बसलेला एक धष्टपुष्ट लॅब्रॅडोर. चौथा मुलगा बाहेर उभा होता. त्याला मी लहानपणापासून ओळखतो. त्याच्या कांजिण्यांना आणि दहावीच्या परीक्षेआधीच्या पोटदुखीला औषध मीच दिलेले. आता तो पुण्यात नोकरी करतो. मला पाहून पुढे आला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "डॉक्टरकाका, रायगडावर चाललोय. रोपवेने नाही, पायऱ्यांनी. वर कुत्र्याला प्यायला पाणी मिळेल ना?"

या तळ्याच्या काठावर पाण्याचा प्रश्न साधा कधीच नव्हता. १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बोले यांचा ठराव मंजूर झाला, १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने तळे सर्वांना खुले असल्याचे कागदावर आणले, तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह येथे यावे लागले, तेव्हा कुठे ओंजळभर पाणी तोंडी गेले. गुरेढोरे, कुत्रीमांजरे या तळ्यावर बिनदिक्कत पाणी पीत होती; बंदी होती ती माणसांना. कोर्टाचा शेवटचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. 'कुत्र्याला पाणी मिळेल ना' हे शब्द नेमके इथे कानावर पडले की माझ्या पिढीच्या माणसाला हे सारे आठवल्याशिवाय राहत नाही. त्या मुलाचा त्यात काहीच दोष नव्हता. तहानलेल्या जिवाची काळजी करणारा मुलगा वाईट नसतो.

मी त्याला विचारले, "पाण्याचे नंतर बघू. चढायला कधी लागणार आणि उतरणार कधी?"

"नाश्ता करून आठ-साडेआठला चढू. गड बघून दोन-तीनपर्यंत खाली."

माझ्या पोटात गोळा आला. तो का आला हे सांगण्यासाठी आजचे सदर.

काही वाचक म्हणतील, माणसांच्या दुखण्यांना जागा पुरत नाही आणि डॉक्टर कुत्र्यांवर काय लिहीत बसले! त्यांना माझे सांगणे एवढेच की चढणीवर आणि उन्हात कुत्र्याला जे होते, तेच थोड्या फरकाने आपल्याला होते. शिवाय कुत्र्याबरोबर घरात येणारे काही आजार थेट आपलेच आहेत. आणि सुट्टीच्या दिवशी पाचाडला जाऊन पाहा. पुण्या-मुंबईच्या मोटारींतून उतरणारे कुत्रे आता अपूर्वाईचे राहिलेले नाहीत.

मी माणसांचा डॉक्टर आहे, गुराढोरांचा नव्हे. तरी या विषयावर बोलण्याचा अधिकार मी एका वाईट दिवशी मिळवला आहे.

रोपवे व्हायच्या आधीची, म्हणजे १९९६ पूर्वीची गोष्ट. आमच्याकडे मोती नावाचा कुत्रा होता. आई गावठी, बाप बहुधा कोणा साहेबाचा अल्सेशियन. अंगाने दणकट, काळाभोर. एप्रिल महिन्यात मुंबईचे पाहुणे आले आणि रायगडाचा बेत ठरला. मोती जीपमध्ये स्वतःच चढून बसला, त्याला उतरवायचे कोणाच्या जिवावर आले नाही. चहा-पोह्यांत वेळ गेला आणि पायथ्याला पोहोचेपर्यंत नऊ वाजून गेले. चित दरवाजाकडून आम्ही चढू लागलो. मोती कधी पुढे धावे, कधी मागे राहिलेल्या म्हाताऱ्या आत्याबाईंना बघायला परत खाली येई. आम्ही एकदा चढलो ती वाट त्याने तीनदा चढली असेल. सगळे कौतुक करत होते, आणि सर्वांत जास्त मी.

अर्ध्या वाटेवर तो एका कातळाच्या सावलीत आडवा झाला. जीभ हातभर बाहेर. आम्ही लिंबू सरबत प्यालो, त्याला पेलाभर पाणी दिले. आम्ही उठलो तसा तोही उठला. वर गेल्यावर होळीचा माळ, बाजारपेठ, जगदीश्वराचे देऊळ, महाराजांची समाधी, सगळीकडे तो आमच्या मागे होता. दीड वाजता उतरायला लागलो. पायऱ्या नुसत्या तापल्या होत्या. मोती लंगडू लागला, मग बसला. मला वाटले पायात काटा मोडला असेल. पंजे उलटून पाहिले, काटा नव्हता. 'चल मोती' म्हणालो. तो उठला, शेपटी हलवली आणि पन्नासेक पायऱ्या उतरला. पुन्हा बसला. मी पुन्हा हाक मारली. तो पुन्हा उठला. तिसऱ्यांदा मात्र उठता उठता कलंडला. हिरड्या विटेसारख्या लाल, तोंडाला चिकट फेस, अंग तव्यासारखे. माझ्या पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या होत्या, त्यांतली एक रिकामी. आत्याबाईंच्या शालीची झोळी करून आम्ही त्याला खाली आणला. पाचाड यायच्या आत तो गेला.

त्याच आठवड्यात मी दवाखान्यात उष्माघाताचे रुग्ण तपासले होते. आणि माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच कुत्र्याला तेच होत असताना मी त्याच्या पंजात काटा शोधत होतो. मोती एकदाही मागे राहिला नाही. राहिला असता तर वाचला असता.

माझे मत या एका गोष्टीवर उभे आहे. दमलेले पोर रडते, 'कडेवर घे' म्हणते. आत्याबाई म्हणाल्या, 'मी बाई इथेच बसते, तुम्ही या जाऊन.' कुत्रा यातले काही करत नाही. मालक चालतो तोवर तो चालतो. थांबायचे कधी हे त्याच्या बाजूनेही आपणच ठरवायचे असते, आणि ते त्याने बसकण मारायच्या आधी ठरवायचे असते.

समाधीजवळ वाघ्याचे स्मारक आहे. ते १९३६ साली उभे राहिले. धन्याच्या चितेत उडी घेणाऱ्या त्या कुत्र्याची कथा खरी की कल्पित, यावरून २०१२ साली आणि पुन्हा २०२५ साली मोठा वाद झाला. समकालीन कागदपत्रांत तिला आधार नाही, असे अनेक इतिहास अभ्यासक सांगतात. त्या वादात वैद्याने पडू नये. पण ही कथा लोकांना चटकन पटते, याचे कारण मला ठाऊक आहे. ज्याने ज्याने कुत्रा पाळला आहे त्याला वाटते, हा माझ्या मागे विस्तवातही येईल. अहो, तो येतोच. एप्रिलात दुपारी दोन वाजता रायगडाच्या पायऱ्या उतरणे हा विस्तवच आहे. महाभारतात धर्मराजाने कुत्र्याला सोडून स्वर्गात पाऊल टाकायला नकार दिला, हेही आपण अभिमानाने सांगतो. परंतु हिमालयाच्या त्या चढणीवर ऊन नव्हते.

आता शरीराकडे वळू. आपल्याला घाम येतो, तो वाळतो आणि अंग गार होते. कुत्र्याच्या अंगाला आपल्यासारखा घाम नाही. थोडा फार येतो तो पंजांच्या गादीला. त्याची सारी भिस्त धापा टाकण्यावर. जीभ, तोंड आणि श्वासनलिका यांतला ओलावा वाळवून तो आतली उष्णता बाहेर टाकतो. हवा कोरडी असेल तर हे यंत्र चांगले चालते. आमच्या कोकणात हवेतच एवढे पाणी असते की दोरीवरचा टॉवेल वाळत नाही, तिथे जिभेवरचे पाणी काय वाळणार? कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट, म्हणजे मुळातच आपल्यापेक्षा जास्त. धावल्याने ते आणखी चढते आणि १०५-१०६ च्या पुढे गेले की मेंदू, मूत्रपिंडे, आतडी, रक्त गोठण्याची क्रिया, सगळ्यावरच घाला येतो. काही कुत्री त्या दिवशी वाचतात आणि दोन दिवसांनी मूत्रपिंडे बंद पडून जातात.

नुसता तापमानाचा आकडा पाहून निर्धास्त राहू नये. आपल्याच जिल्ह्यात भिरा येथे मार्च २०१७ मध्ये पारा ४६.५ अंश सेल्सिअसवर गेल्याची नोंद झाली, तेव्हा सगळे घाबरले. पण १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर माणसे उष्माघाताने दगावली, तेव्हा पारा त्याहून कितीतरी खाली होता. दमट हवा, डोक्यावर ऊन आणि सावलीशिवाय गेलेले तास या तिघांनी मिळून तो घात केला. गडाच्या पायऱ्यांवर हे तिघेही भेटतात आणि चौथी भर चढणीच्या श्रमाची.

शिवाय कुत्रा जमिनीपासून हात-दीड हात उंचीवरून चालतो. आपला काळा कातळ दुपारी किती तापतो हे अनवाणी गेलेल्याला विचारा. त्या कातळाची धग त्याच्या पोटाला लागते आणि पाय तर सरळ तव्यावरच. यासाठी एक सोपी परीक्षा आहे. हाताची मागची बाजू दगडावर टेकवा आणि सातपर्यंत आकडे मोजा. हात ठेववत नसेल तर त्या दगडावर कुत्र्याला चालवू नका. मोतीच्या पंजात काटा नव्हता, पंजांची गादी भाजून सुटली होती, हे मला घरी आल्यावर, त्याला पुरताना दिसले.

रायगडाला पायऱ्या किती? कोणी चौदाशे सांगतो, कोणी सतराशे. मोजायला निघालेला मध्येच दम लागून आकडा विसरतो. गड समुद्रसपाटीपासून सुमारे २,७०० फूट उंच. चढताना हृदय आणि फुप्फुसे दमतात. उतरताना दमतात ते सांधे. कुत्र्याचे जास्त वजन मुळातच पुढच्या पायांवर असते. उतरताना जवळजवळ सगळा भार खांद्यांवर आणि मनगटांवर येतो. म्हणून चढताना मजेत दिसलेला कुत्रा उतरताना रडवतो. आणि तीस किलोचा कुत्रा उचलून पायऱ्या उतरणे काय असते हे मी करून पाहिले आहे. बेत ठरवतानाच स्वतःला विचारावे, 'हा वाटेत बसला तर आम्ही दोघे मिळून याला खाली आणू शकू का?' उत्तर 'नाही' असेल तर कुत्रा घरी बरा.

काही कुत्र्यांना कोणत्याच मोसमात नेऊ नये. चपट्या नाकाचे पग आणि त्यांचे भाऊबंद घरात पंख्याखालीही घोरतात. त्यांची श्वासाची वाटच अरुंद. म्हातारा, लठ्ठ, हृदयविकाराचा, गाभण, आजारातून नुकता उठलेला, हेही नकोत. मोठ्या जातीचे वर्ष-सव्वा वर्षाच्या आतले पिल्लूही नको, कारण त्याच्या हाडांची वाढ पुरी व्हायची असते. आणि ज्या कुत्र्याला एरवी गच्ची ते गेट एवढीच सवय, त्याला एकदम रायगड दाखवणे हा शुद्ध अन्याय आहे. आपणही महिनाभर जिना चढून सराव करतो की नाही?

मग न्यायचाच नाही का? असे माझे म्हणणे नाही. निरोगी, सरावातल्या कुत्र्याला डोंगराचा वास, वारा आणि धन्याची सोबत यापेक्षा मोठे सुख नाही आणि मालकाच्या प्रकृतीलाही त्याच्यासारखा व्यायामाचा सोबती मिळणार नाही. पण मोसम आपल्या सोयीचा नव्हे, त्याच्या सोयीचा धरावा. कार्तिक संपता संपता थंडी पडते तिथपासून माघापर्यंतचे दिवस चांगले. उजाडता उजाडता पहिली पायरी चढावी आणि दहा-साडेदहाला शेवटची पायरी उतरलेली असावी. गड पुरा पाहून झाला नाही तर न होवो. जाण्याआधी कुत्र्याला आत प्रवेश आहे की नाही हेही विचारून घ्यावे; दारात वाद घालण्यात सकाळचा गारवा निघून जातो. पावसाळ्यात नेऊ नका. शेवाळलेल्या पायऱ्या, धुके आणि वरून सुटणारे दगड यांत आपलाच पाय ठरत नाही. २२ जुलै २०२१ ला आपल्या तालुक्यात तळियेवर दरड कोसळली. डोंगर पावसात काय करतो हे महाड-पोलादपूरच्या माणसाने दुसऱ्याकडून शिकायला नको.

आता त्या मुलाच्या पाण्याच्या प्रश्नाचे उत्तर. तीस किलोच्या कुत्र्याला घरी बसून दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी लागते. चढणीवर त्याहून बरेच जास्त. तेव्हा त्याच्या वाटणीचे किमान दोन लिटर वेगळे, आपल्या पाण्यात न धरता, पाठीवर घ्यावे आणि सोबत एक पसरट भांडे. तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडे थोडे पाजावे. वर तळी-टाकी आहेत म्हणून निर्धास्त राहू नये. साचलेल्या पाण्यात उंदीर-घुशींच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात. सावित्री आणि गांधारीच्या पुरांनंतर हा आजार माणसांत किती पसरतो हे येथील दवाखान्यांनी पाहिले आहे. कुत्र्यालाही तो होतो आणि त्याच्या लघवीतून आपल्याला होऊ शकतो. त्यावर लस मिळते. ती वर्षाच्या वर्षी टोचून घ्यावी. आणि दुसरी बाजू अशी की गडावर राहणारी माणसे आहेत, त्यांनाही पाणी प्यायचे असते. आपला कुत्रा टाक्यात डुंबवून त्याचे फोटो काढणाऱ्यांना मी काय म्हणावे? त्याची घाण उचलायला कागद आणि पिशवी बरोबर न्यावी, हेही यातच आले. त्या घाणीतून जंताची अंडी पसरतात आणि वाटेवर खेळणाऱ्या पोरांच्या हाताला लागतात.

खाण्याचे थोडक्यात. चढण्याआधी निदान दोन-तीन तास पोटभर खायला घालू नये, आणि उतरल्यावर धाप पूर्ण बसल्याशिवायही नाही. मोठ्या छातीच्या कुत्र्यांत भरल्या पोटी धावपळ झाली तर जठराला पीळ पडू शकतो आणि मग तासांचाच खेळ. वर पिठले-भाकरी मिळते, सोबत फोडलेला कांदा. माणसाने जरूर खावे, पण कांदा कुत्र्याला विषारी. चॉकलेट, मनुका, बेदाणे तसेच. प्रेमाने भरवलेल्या मूठभर मनुकांनी मूत्रपिंडे जाऊ शकतात.

पट्टा हातात असावा, हे मी दमदाटीच्या सुरात सांगतो. 'आमचा काही करत नाही हो', हे वाक्य मी चाव्याच्या जखमा शिवताना पुष्कळदा ऐकले आहे. पायऱ्या अरुंद, एका बाजूला दरी. वरून डोलीवाले भार घेऊन उतरत असतात, म्हातारी माणसे काठी टेकत चढत असतात. कुत्र्याला बिचकून एखाद्या आजीचा पाय घसरला तर तुमची सहल राहील बाजूला. वाडीतल्या कोंबड्या-शेरडांचेही तेच. आणि मोकळा कुत्रा प्रत्येक दगडाखाली नाक घालतो. त्या दगडाखाली कोकणात काय असते? फुरसे, घोणस नाही तर लाल विंचू. कुत्र्याला दंश बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो, त्याचे कारण हेच. विंचवाच्या दंशावर आमच्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या गोळीचा उपचार रुजवला, त्याची दखल जगाने घेतली आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यापूर्वी लाल विंचवाने किती धडधाकट माणसे आणि पोरे नेली हे जुन्या लोकांना ठाऊक आहे. पण तो उपचार माणसांचा. कुत्र्यासाठी पशुवैद्यच गाठायला हवा, आणि सुट्टीच्या दिवशी कोठे कोण उघडे असते हे निघण्याआधी फोन करून विचारलेले बरे.

आणखी एक कुत्रा या गोष्टीत आहे, तो म्हणजे पायथ्याचा गावठी. बिस्किटाचा पुडा फोडला की तो आपल्याबरोबर निघतो आणि वरपर्यंत येतो. तुमचा पाळीव आणि हा गावठी यांची वाटेत जुंपली की सोडवायला हात घालणारा हमखास चावा घेऊन येतो. अशा भांडणात हात घालू नये. पाणी ओतावे, काठी आपटावी. चावा किंवा ओरखडा झालाच, जखमेवर कुत्र्याची लाळ लागलीच, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी. घड्याळ लावून पंधरा. हळद, तिखट, चुना काही भरू नये. मग त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करावी आणि रक्त आले असेल तर जखमेत भरायच्या इंजेक्शनाबद्दल डॉक्टरांना विचारावे. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून लोकांच्या मनातून गेलेली नाही. ती लस केव्हाच बंद झाली. आता दंडात टोचतात आणि फार दुखत नाही. पण ठरलेल्या तारखांची एकही मात्रा चुकवू नये, कारण रेबीजची लक्षणे एकदा दिसली की आमच्या हातात काही राहत नाही. स्वतःच्या कुत्र्याला दरवर्षीची लस टोचली नसेल तर त्याला गडावरच काय, गल्लीतही मोकळा सोडू नये.

उन्हाने कुत्रा कोसळलाच तर काय करायचे, ते मी मोतीच्या वेळी केले नाही म्हणून सांगतो. धाप थांबत नाही, हिरड्या लालभडक, लाळ घट्ट, चाल झोकांड्या खाणारी, यांतले एक जरी दिसले तरी प्रवास तिथेच संपला. सावलीत न्यावे आणि हाताशी असेल ते सगळे पाणी त्याच्या अंगावर ओतावे. पोट, बगला, मान भिजवावी आणि पुठ्ठा, टोपी, जे असेल त्याने वारा घालावा. पाणी आपल्या पिण्यासाठी राखून ठेवायची ही वेळ नव्हे. ओले फडके गुंडाळून ठेवू नये, त्याखाली उष्णता कोंडते. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जाते. शुद्धीवर असेल तर थोडे थोडे चाटू द्यावे. आपली तापाची किंवा दुखण्याची गोळी मुळीच देऊ नये. उष्माघाताच्या तापाला तिचा उपयोग नाही आणि कुत्र्याला तिची बाधा होते. आधी अंग गार करायचे, मग उचलून न्यायचे. मी नेमके उलटे केले होते. अर्धी बाटली पाणी पिशवीत तसेच राहिले आणि मी त्याला झोळीत घालून उन्हातून पळत सुटलो.

त्या सकाळी तळ्याच्या काठावर यातले निम्मेही मी त्या मुलाला सांगू शकलो नाही. त्याचे मित्र मोटारीचा भोंगा वाजवत होते. मोतीची गोष्ट मात्र सांगितली. त्याने ऐकून घेतले, मान हलवली आणि गेला. मला वाटले, म्हाताऱ्याचे बोलणे म्हणून सोडून दिले असणार.

संध्याकाळी चौघे दारात हजर. नाश्ता न करता सरळ पायथा गाठला म्हणाले, तरी सव्वासात झाले. पायऱ्या सुरू झाल्यावर तासाभराने कुत्रा सावलीसावलीने चालू लागला, एवढेच निमित्त. महादरवाजा अजून वर होता. मुलाने दगडावर हात ठेवून पाहिला आणि मित्रांना म्हणाला, 'तुम्ही व्हा पुढे.' मित्रांनी भरपूर थट्टा केली. हा कुत्र्याला घेऊन उतरला आणि पाचाडात एका खानावळीच्या पडवीत सहा तास बसून राहिला. तिथल्या मालकिणीने बादलीभर पाणी दिले आणि वर विचारले, 'एवढ्या लांबून बसायलाच आलात काय?'

"गड राहिला, काका," तो म्हणाला. चेहऱ्यावर नाराजी होती आणि ती त्याने लपवली नाही. मी कुत्र्याचे चारही पंजे उलटून पाहिले. मागच्या डाव्या पंजावर रुपयाएवढा फोड होता, बाकी ठीक. हिने त्याच्यापुढे दहीभात ठेवला. तो चाटूनपुसून खाऊन कुत्रा ओट्यावरच आडवा झाला आणि मित्रांपैकी एक जण त्याच्या पंजावर मलम कोणते लावायचे ते विचारू लागला. मी सांगितले, "मलम नको, तो चाटून टाकेल. कोमट पाण्याने धुऊन कोरडे ठेवा आणि उद्या पुण्यात पशुवैद्याला दाखवा." मुलाने ते हातावर लिहून घेतले. मार्गशीर्षात पुन्हा येतो म्हणाला आहे, पहाटे पाचला. चहा आमच्याकडे.